विमानातला घरचा डबा

रोहा, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय मालू,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू पापड लाटत असशील, तर आधी हात पुसून घे. मागच्या वेळी तुझ्या पत्राला पापडखाराचा वास येत होता. तसा तो मला आवडतो. पेण सोडून चाळीस वर्षं झाली तरी त्या वासाने तुझी ओटी डोळ्यांसमोर येते.

बातमी आनंदाची आहे. डेबोराला दिवस गेले आहेत. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली, आम्ही विचारणं सोडून दिलं होतं, आणि परवा शेजारच्या कृष्णाबाईंच्या फोनवर जावयांचा फोन आला. जोशुआ एरवी मोजकं बोलतात, त्या दिवशी एकच वाक्य तीनदा बोलले. फेब्रुवारीच्या शेवटी बाळंतपण आहे. मी जानेवारीतच अश्दोदला यावं असं दोघांचं म्हणणं आहे. तिकीट ते पाठवणार.

मी जाणार नाही. तुला आधी सांगते आहे, तिला पुढच्या आठवड्यात कळवीन. विमानातलं अन्न मला सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हाचं तुला सांगितलं नव्हतं. विमान बदलून बदलून पोचेपर्यंत पाय असे सुजले की चपला घालता येईनात. उतरायच्या वेळी ती विमानातली मुलगी वाकून चपलेत माझं पाऊल बसवायला लागली. मी म्हटलं, बाळे, सोड, ते आता जाणार नाही. शेवटी चपला पिशवीत टाकून मोजे घालून चालत गेले. डेबोरा समोर फुलं घेऊन उभी होती आणि मी लग्नातून चपला चोरीला गेल्यासारखी. तिला सांगितलं की गारठ्यामुळे मोजे घातले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

तर आता बाळाची दुपटी शिवून पाठवते. बाळंतिणीसाठी काय काय पाठवायचं ते तू कळव. दत्तात्रेयभावजींना नमस्कार.

तुझी
सिपोरा

---

पेण, १५ नोव्हेंबर १९९६

सिपोरे,

दिवाळीची गिऱ्हाइकं आटपली आणि लिहायला बसले. डेबोराची बातमी वाचून मी ओटीवर सगळ्या बायांना गूळ वाटला. ह्यांनी विचारलं, कुणाचं काय झालं? म्हटलं, माझी नात येतेय. हे म्हणाले, तुला मुलगीच नाय तर नात कुठून? मी म्हटलं, गप बसा, गूळ खा.

आता तुझं. तू जाणार नाय हे वाचून माझं डोकं फिरलं. गो, पोरगी आठ वर्षांनी बाळंत होतेय, आणि आई म्हणते अन्न सोसत नाय. मी तुला लहानपणापासून ओळखते. खरं कारण मला माहीत हाय. एलियाहभावजींची कबर सोडून तुला लांब राहवत नाय. दर रविवारी जातेस, झाडतेस, बसतेस, मला ठाऊक हाय. पण भावजी असते तर तुला हाताला धरून विमानात बसवलं असतं.

आणि विमानातल्या अन्नाचं म्हणशील तर त्याला औषध माझ्याकडे हाय. मागच्या वेळी मी घाईत फार थोडं दिलं, ती माझीच कसूर. या वेळी मोठा डबा देते. पोह्याचे पापड भाजून, मिरगुंडं तळून, लाट्या तेलात बुडवून, कैरीचं खारं लोणचं, भरल्या मिरच्या, खारे दाणे. विमानातल्या कणाला शिवायची गरज नाय. तुमच्या यहुदी धर्मालाही त्यात काय आडवं येत नाय, मी सगळं विचार करून ठेवलंय.

तू फक्त हो म्हण.

मालू

---

रोहा, २१ नोव्हेंबर १९९६

प्रिय मालू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसत आणि एकदा नाही.

कबरीचं तू लिहिलंस ते चूक आहे. कबर कुठे जात नाही. मी दोन महिने नसले तर कृष्णाबाईंचे यजमान केरूभाऊ जाऊन झाडून येतात, मागच्या वेळीही आले होते. वर मी परतल्यावर घरी येऊन मला अहवाल दिला, की वहिनी, तिकडे सगळं ठीक आहे.

खरं ते लिहिते. वाचून झाल्यावर हे पत्र पाण्याच्या बंबात घाल.

एलियाहचे पाय कसे सुजले होते ते तू पाहिलं नाहीस. तू आलीस तेव्हा तो अंथरुणावर चादर घेऊन होता. सुरुवात बुटांपासून झाली. कंपनीत फिटरला जाड बूट घालावे लागत. आधी त्याने नाड्या सैल केल्या. मग दुसरी शिफ्ट करून आला की बूट निघेनात, मी ओढायची आणि तो खुर्चीला धरून बसायचा. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. तो म्हणायचा, पावसात दार फुगतं तसं झालंय, उन्हाळ्यात बसेल जागच्या जागी. हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. उन्हाळा आला तेव्हा तो नव्हता.

विमानातून उतरून डेबोराच्या न्हाणीघरात मी मोजे काढले आणि पायावर बोट दाबलं. खळगा पडला. तसाच राहिला. दोन दिवसांनी सूज गेली, पण मी समजले.

म्हणून जाणार नाही. तिच्या घरात, ती ओली बाळंतीण असताना, मी आजारी पडायचं आणि तिने पुन्हा ते सगळं बघायचं? त्यापेक्षा तिने मला आळशी म्हातारी समजलेलं बरं. डॉक्टरकडे गेले नाही. काय सांगतील ते मला माहीत आहे. डेबोराला यातलं काही लिहायचं नाही, शपथ आहे.

सिपोरा

---

पेण, २५ नोव्हेंबर १९९६

सिपोरे,

पत्र बंबात घातलं. रडले, मग राग आला, मग दोन घाणे पापड बिघडवले.

शपथ तू घातलीस, मी घेतलेली नाय. हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत डॉक्टरकडे जाऊन मला कळवलं नाय तर मी अश्दोदला कार्ड टाकणार. पत्ता माझ्याकडे हाय. पाकीटसुद्धा नाय, उघडं कार्ड. वाटेतल्या सगळ्या पोस्टमनांनी वाचलं तरी चालेल.

एकटी जाऊ नको, कृष्णाबाईंना घेऊन जा. नायतर तू डॉक्टरांना सगळं छान छान सांगून परत येशील.

मालू

---

रोहा, ४ डिसेंबर १९९६

प्रिय मालू,

कार्ड टाकू नकोस. जाऊन आले.

कृष्णाबाई बरोबर होत्या. तुला वाटतं मी बोलणार नाही, पण त्या बाईने मला बोलायलाच दिलं नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं तेही त्यांनीच सांगितलं. मी मात्र एलियाहचं स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. चार दिवस मी घरात फक्त फरशी पुसली. इतकी पुसली की कृष्णाबाई म्हणाल्या, आता आमच्याकडे या पुसायला.

मालू, काही नाही. हृदय ठीक, मूत्रपिंड ठीक. रक्तदाब जरा काठावर आहे, मीठ कमी करा म्हणाले. मी विचारलं, मग पाय का सुजले? ते म्हणाले, पाय लोंबते ठेवून इतका वेळ हललं नाही तर कुणाच्याही पायांत पाणी उतरतं. खाणं खारट असेल आणि पाणी कमी प्यालेलं असेल तर आणखी. प्रवासात काय खाल्लं होतंत?

मी तोंड उघडायच्या आत कृष्णाबाई म्हणाल्या, घरचंच. बाहेरच्या पदार्थाला शिवत नाहीत त्या. डॉक्टर म्हणाले, मग उत्तम.

आम्ही दोघी घरी आलो. चहा प्यालो. त्या गेल्या आणि मी तशीच बसून राहिले. घरचंच, हे खरं. पण घरचं काय? विमानातल्या ताटावर काय लिहिलंय ते मला वाचता येईना, मांस आहे की दूध ते कळेना, आमच्यात दोन्ही एकत्र चालत नाही, म्हणून मी पावाचा एक तुकडा खाल्ला आणि बाकीचं परत केलं. मग सबंध प्रवास तुझा डबा खाल्ला. पापड, लाट्या, लोणचं. पाणी जवळजवळ नाहीच, कारण शेजारी दोन गाढ झोपलेले पुरुष, आणि संडासाला जायचं तर त्यांच्या गुडघ्यांवरून. सीटवरून मी हलले नाही.

आणि दोन वर्षं मी सांगते आहे की विमानातलं अन्न बाधलं.

वाचनालयातून आरोग्याचं एक पुस्तक आणलं. त्यातही तेच आहे, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पापडात मीठ आणि वर पापडखार, तोही खारच. तू रागावू नकोस. मी फक्त विचार करते आहे.

सिपोरा

---

पेण, ९ डिसेंबर १९९६

सिपोरा,

रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. त्याच दिवशी गणपतीला नारळ फोडला.

आता पुढचं. माझ्या सासूच्या काळापासून या ओटीवर पापड लाटले जातात. मुंबईला जातात, नाशिकला जातात, वडखळच्या नाक्यावर लोक गाडी थांबवून घेतात. आजवर कुणी येऊन सांगितलं नाय की बाई तुमच्या पापडाने माझे पाय सुजले. तू पहिली. आणि तीही पुस्तकात वाचून.

मी प्रेमाने डबा दिला. पहाटे उठून दिला.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, म्हटलं हे बाजू घेतील. हे म्हणाले, भांडताय कशाला? तिला म्हणावं घरातच विमानासारखं बसून बघ. एकदा तो डबा खाऊन, एकदा दुसरं खाऊन. डॉक्टरांना आधी विचार, एवढंच.

मला पटलं नाय. पण डबा सोबत पाठवतेय. रघू कंडक्टरची एस.टी. रोह्याला मुक्कामी असते, त्याच्याकडून घे. मागच्या वेळी दिलं होतं तेच सगळं हाय, तेवढंच. खाऊन बघ आणि खरं काय ते लिही. मालूची मैत्रीण म्हणून लिहू नको.

मालती दत्तात्रेय

(पूर्ण सही केली म्हणजे राग आलाय हे कळावं.)

---

रोहा, १९ डिसेंबर १९९६

प्रिय मालती दत्तात्रेय,

डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, एक दिवस करा, रोज करू नका.

पहिलं विमान सोमवारी सुटलं. एलियाहची हाताची खुर्ची भिंतीला लावली आणि पुढे शिवणयंत्र आडवं ठेवलं, म्हणजे पाय पसरता येऊ नयेत. खिडकी बाजूला होतीच. कृष्णाबाईंनी इस्त्रीची साडी नेसून पावडर लावली आणि म्हणाल्या, मी हवाईसुंदरी. केरूभाऊ दारातून म्हणाले, मग मी उतरतो, मला भीती वाटते.

सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. तुझा डबा खाल्ला. मालू, लाट्या फार सुंदर होत्या. लोणच्याच्या खारात बोट बुडवून चाटलं, तेही मागच्या वेळी केलं होतं म्हणून. पाणी दोन घोट. दुपारी शेजारची मनाली शाळेतून आली, मला तशी बसलेली बघून घाबरली आणि आईला बोलावून आणलं. आई आली, तिला कृष्णाबाईंनी पापड दिला. मग आणखी दोघी आल्या. संध्याकाळी विमानात सहा बायका होत्या आणि हवाईसुंदरी चहा करून दमली होती.

उठले तेव्हा चपलेच्या अंगठ्यात पाय जाईना. सगळ्यांनी आळीपाळीने माझ्या पायावर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला. मी त्या खळग्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही. तो कुठून आला ते मला माहीत होतं. सकाळपासून मी स्वतःच तो खाल्ला होता.

दुसरं विमान बुधवारी. तांदळाची भाकरी, अळणी दुधीची भाजी, उकडलेला बटाटा, केळी, पपई. तांब्याभर पाणी जवळ ठेवलं आणि संपवलं. पाणी प्यायलं की उठावंच लागतं, म्हणून मागच्या दारापर्यंत फेऱ्या झाल्या. बसल्या बसल्या घोटे फिरवले. दुपारी जेवण इतकं बेचव होतं की मी तुझी आठवण काढली. संध्याकाळी पाय जरा जड होते, नाही असं नाही. पण चपला गेल्या.

आता खरं ते लिहायचं म्हणालीस, तर हेही लिहिते. दुसऱ्या दिवशी मी पाणीही प्याले आणि उठलेही, तेव्हा सगळा दोष मिठावर टाकता येणार नाही. एकट्या पापडावर तर नाहीच. हावरटपणा माझा होता. रोह्याला मी तुझे पापड जेवताना एक खाते, विमानात डबा रिकामा केला. माणूस एकटं असलं आणि घाबरलेलं असलं की ओळखीचं खात सुटतं.

काल फोन करून जोशुआंना सांगितलं, तिकीट काढा. डेबोरा मागे होती. ती नुसती नाक ओढत होती.

तुझी
सिपोरा

---

पेण, २६ डिसेंबर १९९६

सिपोरे,

हरले. ह्यांनी तुझं पत्र ओटीवर बायांसमोर मोठ्याने वाचलं, हवाईसुंदरीचं आलं तेव्हा एकीच्या हातातलं लाटणं पडलं.

मी म्हटलं हरायचं तर नीट हरू, म्हणून तुझ्यासाठी मीठ आणि खार न घालता पापड केले. एक भाजून ह्यांना दिला. हे चावत राहिले, चावत राहिले, मग म्हणाले, हा कॅलेंडरचा कुठला महिना? उरलेले गाईला घातले. गाईने मान फिरवली.

मग विचार केला, अळणी आणि तरी चवीचं असं तुमच्यात काय असतं? आणि आठवलं. गो, मलिदा. पोहे भिजवून, गूळ, ओला नारळ, वेलची, वरून केळी आणि फळं. लहानपणी तुझी आई तुमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन ताट ठेवायची तेव्हा मी दारात वाट बघत उभी असायची. त्यात मिठाचा कण नसतो. प्रवासाला निघण्याआधी तू तसाही घालणारच. त्यातलाच डब्यात घे, पण नारळ घातलेला फार वेळ टिकत नाय, पहिल्या विमानातच संपव. पुढे भाकरी आणि फळं.

पोहे मी घेऊन येते. पापडाचे पोहे चाळते त्याच चाळणीने चाळून आणीन. मलिदा कुठल्या दिवशी ते कळव. पापड आणणार नाय. आणला तरी कृष्णाबाईंसाठी.

मालू

---

अश्दोद, ९ मार्च १९९७

प्रिय मालू,

पोचल्याची तार मिळाली असेल. चपला घालून उतरले. पायऱ्या उतरताना मी खालीच बघत होते, त्यामुळे डेबोराला मी आधी पाहिलं नाही, तिनेच हाक मारली.

तिचं पोट एवढं, आणि तोंडावर हसू, आणि पायात जोशुआंच्या मोठ्या सपाता. मी विचारलं, स्वतःच्या कुठे आहेत? ती म्हणाली, गरम होतं म्हणून. जानेवारीत, मालू. बाहेर लोक कोट घालून होते.

घरी येईपर्यंत मी त्या सपातांकडेच बघत होते. मग तिला पलंगावर बसवलं आणि सपाता काढल्या. सुजलेले होते. मी बोट दाबलं. तिने पाय मागे घेतला आणि म्हणाली, आई, बघू नकोस. तिला चार आठवड्यांपासून माहीत होतं. तिने जोशुआंना सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंपुढे बूट काढले नव्हते, मला तर नाहीच. पप्पांचं झालं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, लग्न झालं तरी अजून इकडे आली नव्हती, बूट ओढायला एका बाजूने मी असायची आणि दुसऱ्या बाजूने ती. हे मी तुला लिहिताना विसरले होते. मी एकटीच ओढत होते असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

मी तिला काहीही समजावलं नाही. म्हटलं, उद्या सकाळी दाखवू, आणि काय ते कळलं की मग दोघी मिळून घाबरू. माझं सगळं सांगितलं. मोजे, खळगा, तुझं उघडं कार्ड, शिवणयंत्रापुढे बसलेलं विमान, हवाईसुंदरी. ती पोट धरून हसली आणि मला वाटलं बाळंतपण आजच होतंय.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, तपासण्या केल्या. इथेही ठीक निघालं, पोटुशीचे पाय सुजतात तसे सुजले होते. पण लपवलं म्हणून रागावल्या, आणि दर आठवड्याला बोलावलं. काय रागावल्या ते मला भाषेमुळे कळलं नाही, पण सूर तुझा होता.

त्या दिवसापासून आम्ही रोज दुपारी पाय वर करून बसायचो आणि एलियाहबद्दल बोलायचो. सहा वर्षांत आम्ही एकमेकींपुढे त्याचं नाव घेत नव्हतो. मी म्हणायची, तिला त्रास नको, ती म्हणायची, आईला नको. आणि दोघींच्या मनात त्याचे ते शेवटचे पायच राहिले होते. डेबोराने आठवण काढली की लहानपणी ती पप्पांच्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहायची आणि तो तिला तसाच घरभर चालवायचा, स्वयंपाकघरातून पडवीत आणि पडवीतून परत, मी ओरडेपर्यंत. मग मला आठवलं की लग्नानंतर रोह्याजवळच्या वरशाला भावाकडे जाताना तो पुढे आणि मी मागे, आणि दर थोड्या वेळाने तो थांबून मागे बघायचा. किती चालायचा तो, मालू. सायकल असून चालायचा.

२६ फेब्रुवारीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नाव सारा ठेवलं. ओटीवरच्या बायांना पुन्हा गूळ वाट, पैसे मी आल्यावर देते. दत्तात्रेयभावजींना सांग, नात आली, कुठून ते विचारू नका.

मी दोन महिन्यांनी परतायचं ठरवलं होतं, पण आता सहा महिने राहते. कृष्णाबाईंना वेगळं पत्र टाकलं आहे. इथे संध्याकाळी समुद्राकडे रस्ता जातो, मी साराला खांद्यावर घेऊन तिथपर्यंत जाते. मागून डेबोरा येते, अजून हळू चालते. मी थोडं पुढे जाते, थांबते, आणि ती येतेय ना ते वळून बघते.

तुझी
सिपोरा